मदत हवी आहे: आईला घेऊन पहिल्यांदाच संभाजीनगर, अजिंठा-वेरूळ

राम राम मंडळी. आम्ही परभणीचे. संभाजीनगर ओलांडून मुंबईला कितीदा गेलो असू, पण स्टेशनच्या बाहेर पाय म्हणून ठेवला नाही. हसू नका!

आता फाल्गुनात, उन्हाचा चटका वाढायच्या आत, आईला घेऊन तीन दिवस जायचं ठरलंय. शनिवारी तपोवन एक्स्प्रेसनं पोचायचं. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ असं धरलंय.

खरी अडचण आईच्या गुडघ्यांची. घरातला जिनासुद्धा ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून एसटीच्या बसनं वर जावं लागतं, तिथून पुढं पायऱ्या. डोलीवाले असतात म्हणे. सकाळी लवकर गेलं तर सहज मिळतात का? किती घेतात? आणि डोलीत बसायला ती लाजणार, ते वेगळंच.

वेरूळची तेवढी काळजी नाही. कैलास लेणं खालूनच निवांत बघेल. पण घृष्णेश्वर आधी करावं की लेणी? दौलताबादला मी एकटाच चढेन, तोवर तिला सावलीत बसायला जागा आहे का?

मुक्काम स्टेशनजवळ बरा की मध्यवर्ती बसस्थानकाजवळ? लिफ्ट पाहिजेच. जेवणाचं विचारत नाही, दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा आत्तापासून ठरलाय. नान खलिया (तिथला मटणाचा रस्सा आणि नान) मात्र मला गुपचूप खायचाय, ठिकाण सांगा.