फुटत्या लाटांत गळाला कोळंबी टिकत नाही, सल्ला हवा आहे

नवी_गरी:
नमस्कार. काही महिन्यांपासून मी किनाऱ्यावरून गरवायला जातो आणि आमिष म्हणून गोठवलेली कोळंबी वापरतो. गळ फेकताना झटक्यासरशी कोळंबी सुटून भलतीकडेच उडते. टिकलीच, तर दहा मिनिटांनी दोरी ओढावी तेव्हा गळ धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. मासा खाऊन गेला की लाटेने नेली, हेही कळत नाही. एका परिचिताच्या सांगण्यावरून कोळंबी उकडूनही पाहिली, पण मासा फिरकला नाही. कोळंबी कशी निवडावी व कशी ओवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुने_शिसे:
उकडण्याचा नाद सोडा. कच्च्या कोळंबीचा रस पाण्यात उतरतो आणि त्या वासावर मासा येतो. उकडल्यावर तो रस बराचसा भांड्यातच राहतो. निवडताना डोके आणि धड यांचा सांधा पाहावा. ताज्या कोळंबीचे डोके घट्ट बसलेले व कवच चकचकीत असते. डोके लोंबत असेल किंवा अमोनियासारखा दर्प येत असेल, तर ती घेऊ नये. गोठताना बर्फाचे स्फटिक मांसाच्या पेशी फाडतात, म्हणून गोठवलेली कोळंबी वितळल्यावर मऊ पडते, आणि एकदा वितळून पुन्हा गोठवलेली तर बोटांत पिठासारखी होते. आपली बहुधा तशीच असावी.

यावर उपाय मिठाचा. डोकी काढून कोळंबी चाळणीत पसरावी, वरखाली भरपूर जाडे मीठ घालावे, चाळणी भांड्यावर ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी आणि खाली साचलेले पाणी ओतून द्यावे. सकाळी मांस इतके चिवट होते की दाबले तरी बोटाचा ठसा राहत नाही.

ओवताना आधी शेपटीचा पंखा मोडून टाकावा, अन्यथा आमिष पाण्यात भिरभिरते आणि दोरीला पीळ पडतो. मग शेपटीच्या बाजूने गळ आत घालून कोळंबीच्या बाकाप्रमाणे पुढे सरकवावा व टोक पोटाकडून बाहेर काढावे. टोक मांसात बुडालेले राहिले, तर मासा आमिष चघळूनही गळाला लागत नाही. शेवटी आमिष बांधण्याच्या बारीक लवचीक धाग्याचे आठ-दहा वेढे ताणून द्यावेत. गाठ मारावी लागत नाही. धागा ताणून तोडला की टोक वेढ्यांतच अडकते.

ओहोटीचा_पांथस्थ:
धाग्याबाबत पूर्ण सहमत. मिठाबाबत थोडा मतभेद आहे. खारवलेली कोळंबी फेकायला उत्तम, पण तिचा वास ताजीइतका पसरत नाही, असा माझा अनुभव आहे. ताजी मिळत असेल, तर ती कवचासकट ओवून धाग्याने बांधावी आणि दर पंधरा मिनिटांनी बदलावी. पाण्याने धुऊन फिकी पडलेली कोळंबी गळावर दिसते, पण तिच्यात मासा खेचण्याजोगे काही उरलेले नसते.

दुसरे असे की, आपण फार लांब फेकत असाल, तर ते आवश्यक नाही. लाट बाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर फुटते आणि तो उंचवटा व किनारा यांच्यामध्ये पाणी गडद दिसणारी एक खोलगट पट्टी असते. लाटांनी उकरलेले किडे-खेकडे तिथे जमतात आणि मासे तिथेच चरतात. सावकाश, झटका न देता टाकलेला गळ तिथवर पोहोचतो आणि कोळंबीही उडत नाही.

खारे_पाणी:
एक गंभीर सूचना. खाण्यासाठी दूरदेशाहून आलेली कच्ची कोळंबी आमिष म्हणून समुद्रात टाकू नये. कोळंबीतील ‘व्हाइट स्पॉट’ या रोगाचा विषाणू गोठवल्याने मरत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २०१६च्या अखेरीस कोळंबीच्या शेततळ्यांत हा रोग पसरला. तेथील शासन खाण्यासाठी विकली जाणारी कोळंबी आमिषाला वापरू नका असेच सांगते. आपण जिथे गरवता, त्याच पाण्यातली कोळंबी घ्यावी, हे उत्तम.

नवी_गरी:
सर्वांचे आभार. काल कोळंबी खारवून, धाग्याने बांधून, जवळच्या खोलगट पट्टीत गळ टाकला. एकदाही ती फेकताना सुटली नाही. मात्र तीन वेळा दोरी ओढली तेव्हा वेढे जागच्या जागी होते, आत कवचाची एक चकती अडकलेली होती आणि मांस नाहीसे झालेले होते.

जुने_शिसे:
मग प्रश्न सुटला. लाटेने आमिष नेले असते तर वेढे सैल पडून सगळेच गेले असते. हे काम खेकड्यांचे आहे. गळाच्या वर चार बोटांवर बुचाचा छोटा मणी ओवा, म्हणजे आमिष वाळूपासून थोडे वर तरंगत राहील आणि खेकड्याला सहज पोहोचता येणार नाही. मणी फार मोठा घेऊ नका, नाहीतर फेकताना वारा त्याला धरतो.