शाळाच पोरांकडे गेली

तुम्ही तुमच्या आजीबद्दल लिहिलंय ना, 'शेवटपर्यंत कुणावर भार टाकला नाही', ते वाचताना मला आदिवासी मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ आठवल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. १९२०च्या दशकात अशा मुलीचं पुढचं आयुष्य लोक आधीच ठरवून टाकायचे. ह्या मात्र शिकल्या, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर पदवीधर! १९४५मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आणि तिथल्याच झाल्या.

मला सगळ्यात भावते ती कुरणशाळा. तिथल्या वारली आदिवासींची पोरं गुरांमागे रानात, शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात गेली. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसून खडे, बिया, पानं मोजताहेत. अभ्यासाचं साहित्य तिथंच पायाशी पडलेलं. आणि शिकवायच्या आधी अंघोळ, नखं, केस. हे आईचं काम त्यांनी कधी कमी लेखलं नाही.

१९७३मध्ये ताराबाई गेल्या, तरी काम थांबलं नाही. १९९२मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी अनुताई गेल्या. तुमच्या आजीचं आणखी लिहा, मनापासून वाचतेय.