वाढत्या सॉफ्टवेअरला स्वतःचा इंटरफेस हवाच, निदान दिवसभर उघड्या असणाऱ्या स्क्रीनला

पूर्वभाग (धागाकर्ता)

सोलापुरात टॉवेल कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. सूत किती आलं, कुठल्या मागावर काय लागलंय, कामगाराची मजुरी किती झाली, माल गेला का, बिल निघालं का, हे सगळं त्यात आहे. ग्राहक मोजकेच होते तेव्हा आम्ही एक तयार कॉम्पोनंट किट (बटणं, रकाने, मेनू असे आयते बनवलेले भाग) उचललं, रंग बदलले, लोगो लावला आणि काम भागलं. आता अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि चिंचोळी, दोन्हीकडं ग्राहक आहेत आणि ऑफिसात रोज एकच वाद चालतो. हेच किट पुढं ओढायचं, की स्वतःचा इंटरफेस करायचा?

माझं मत पक्कं आहे. लॉगिन, सेटिंग, पासवर्ड या पानांना तयार किट राहू दे. पण ज्या स्क्रीनसमोर माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतो, ती त्याच्या कामाकडं बघून नव्यानं आखली पाहिजे.

टॉवेलची ऑर्डर कशी येते बघा. साइज, डझनाचं वजन, रंग, बॉर्डर, किती डझन, आणि एका ऑर्डरमध्ये असे वीस-पंचवीस प्रकार. आमचा आत्ताचा फॉर्म एका वेळी एकच नोंद घेतो. 'नवीन' दाबा, खिडकी उघडेल, भरा, जतन करा, खिडकी बंद, परत 'नवीन'. भरणारा माणूस मात्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर तयार झालेला. एफ८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर, मग एंटर, एंटर, एंटर. उजवा हात आकड्यांच्या कळांवरून उठत नाही. ब्राउझरमध्ये पुढच्या रकान्यात जायला टॅब लागतो आणि सवयीनं एंटर दाबला की अर्धवट फॉर्म जमा होतो.

दुसरं, चूक जागेवर दिसायला हवी. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल, डझनाचं वजन ६ किलो, म्हणजे एक नग ५०० ग्रॅम आणि जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागं ग्रॅममध्ये वजन, ४३० च्या आसपास. कोणी ६ च्या जागी ९ टाकलं तर जीएसएम ६४५ होतो. जाणत्या माणसाला तो आकडा शेजारी दिसला तर तो तिथंच थांबेल. न दिसल्यास चुकीचं सूत मागावर चढेल. वजनाचा आणि साइजचा हा संबंध कुठल्याच तयार किटला माहीत असणार नाही, तो आपणच स्क्रीनवर आणला पाहिजे.

ज्यांनी असे प्रॉडक्ट वाढताना बघितले आहेत त्यांनी लिहा. विरोधात असाल तर जास्त आवडेल.

---

सातरस्ता

विरोधातच आहे.

तुम्ही दिलेली अडचण खरी आहे, पण तिच्यावर स्वतःचा इंटरफेस हा उपाय नाही. एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात नेणं हे थोडक्या ओळींचं काम आहे. एका खाली एक नोंदी भरायच्या तर एजी ग्रिडसारखी तयार ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांचे तक्ते, आहेत, त्यात कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं ते ठरवता येतं. जीएसएमचा आकडा शेजारी दाखवायला एक रकाना पुरतो. यातल्या कशालाच किट फेकून द्यावं लागत नाही.

'आपलं आपण करू' म्हणणाऱ्यांना मी नेहमी एकच सांगतो, आधी एक तारीख निवडायचा डबा स्वतः करून बघा. कीबोर्डनं महिना पुढं-मागं जायला हवा. स्क्रीन रीडरला, म्हणजे अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळायला हवं. मोबाईलवर बोटानं नीट दाबता यायला हवं. हे सगळं बूटस्ट्रॅप, मटेरियल, अँट डिझाइन या तयार किटमध्ये शेकडो लोकांनी वर्षानुवर्षं घासून बसवलंय. बूटस्ट्रॅप २०११ पासून खुलं आहे, मटेरियल डिझाइन गूगलनं २०१४ मध्ये आणलं. तुमच्या टीमला तेवढा वेळ कोण देणार?

सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसन यांचा एक नियम या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: वापरणारा त्याचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्याच साइटवर घालवतो, म्हणून तुमचीही तशीच चालावी असं त्याला वाटतं. तुमच्या कारखान्यातला मुकादम दिवसभर व्हॉट्सअॅप आणि यूपीआयची अॅप वापरतो. त्याच्या हाताला जे बसलंय ते कशाला मोडायचं?

शेवटचा मुद्दा माणसांचा. इथल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाला रिअॅक्ट (वेब स्क्रीन बनवायचं साधन) आणि एखादं प्रसिद्ध किट येतं, तुमचं घरचं किट येत नाही. आणि ज्यानं ते बनवलं तो दोन वर्षांत पुण्याला गेला की मागे राहिलेला कोड कोण वाचणार?

---

हिशेबनीस

मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. तुम्ही दोघंही बनवणारे, मी वापरणारी, म्हणून लिहायलेय.

एंटरचं दादा बोलले ते शंभर टक्के खरं आहे. पण त्याहून जास्त त्रास नावांचा आहे. आमच्याकडं निम्म्याहून जास्त कामगार तेलुगू घरातले. नोंदीत आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं नाव. मजुरीच्या पानावर रकाना अरुंद, त्यामुळं नाव मध्येच कापून पुढं तीन टिंबं येतात. एकाच आडनावाची सहा माणसं असली की सहा ओळी अगदी सारख्या दिसतात. माऊस नेला की पूर्ण नाव दिसतं म्हणे. पगाराच्या दिवशी दारात रांग असताना प्रत्येक नावावर माऊस कोण नेईल? एकाची मजुरी दुसऱ्याच्या नावावर गेली की भांडण माझ्या टेबलावर येतं, सॉफ्टवेअरवाल्याच्या नाही.

आणखी एक. नवीन करा, पण बटणं हलवू नका. आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका सकाळी सगळंच बदललं. 'छापा' होतं त्या जागी 'रद्द करा' आलं. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. हात सवयीनं जुन्या जागी जातो हो.

---

पूर्वभाग

@हिशेबनीस ताई, नावांचा मुद्दा मी उद्याच टीमसमोर ठेवतो. ओळ उंच करून नाव दोन ओळींत येऊ द्यायचं, शेजारी टोकन नंबर ठळक. किटमध्ये हे करता येत नाही असं मी म्हणणार नाही. पण किट जे 'आपोआप' देतं ते कुणा दुसऱ्याच्या नावांचा विचार करून ठरलेलं असतं, आणि वाढत्या प्रॉडक्टमध्ये लोक ते आपोआप आलेलंच पुढं ढकलतात, कारण कुणाला थांबून बघायला वेळ नसतो.

@सातरस्ता साहेब, तारखेच्या डब्याबद्दल हरकत नाही, तो तयारच घ्यावा. तरी आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि रकमेचा स्वल्पविराम १,००,००० असा पडतो, हे तयार डब्याला सांगावंच लागतं. तयार किट कायम टिकतं हे मात्र मला मान्य नाही. बूटस्ट्रॅप ४ आलं तेव्हा आधीचे पॅनल आणि आयकॉन गेले, ५ मध्ये ते ज्या जेक्वेरी या तयार कोडवर उभं होतं ते गेलं. अँग्युलरजेएस या वेब अॅप बनवायच्या साधनाचा आधार (दुरुस्त्या देणं) ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, त्यावर उभ्या असलेल्या कित्येक प्रॉडक्टना सगळं नव्यानं लिहावं लागलं. म्हणजे बदलाचा खर्च दोन्हीकडं आहे. एकीकडं तो आपण ठरवलेल्या वेळी येतो, दुसरीकडं त्यांनी ठरवलेल्या.

---

उभा_आडवा_धागा

मी मालकाच्या बाजूनं बोलतो. आमचा कारखाना मोठा नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाल्याला म्हणालो, आमचं मालासोबतचं चलन आम्हाला पाहिजे तसंच दिसलं पाहिजे. त्यानं करून दिलं. शेजारच्या कारखान्यालाही त्यांच्या मनासारखं करून दिलं. आता जो तो येतो आणि म्हणतो, मलाही वेगळं द्या. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं उघडून दुरुस्त करावं लागलं. आमचा नंबर उशिरा लागला, तोवर बिलं हातानं.

तेव्हा इंटरफेस स्वतःचा करायचा तर प्रॉडक्टचा एकच करा. प्रत्येक मालकाच्या हट्टाला मान डोलवू नका, माझ्यासारख्याच्या पण नाही. आणि पैशाचं कुणी बोलतच नाही इथं. डिझाइनवर केलेला खर्च शेवटी वर्षाच्या फीमध्येच येणार ना? यंत्रमागाचा धंदा सध्या कसा चाललाय ते पूर्व भागात कुणालाही विचारा. फी वाढली तर आम्ही परत वहीवर जाऊ.

---

कन्ना_चौक_ते_कोथरूड

मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात इंटरफेस डिझाइन करते. धागाकर्त्याच्या बाजूनं आहे, पण थोडं वेगळं मांडते.

वाद 'तयार' विरुद्ध 'घरचं' असा उरलेलाच नाही. वागणूक आणि रूप हे दोन वेगळे थर आहेत. मेनू उघडणं, कीबोर्डनं हलणं, स्क्रीन रीडरला सांगणं, ही वागणूक. ती देणारी, पण रूप अजिबात न देणारी किट आता सर्रास मिळतात. रॅडिक्स हे त्यातलं एक. वागणूक त्यांची घ्या. रंग, अंतरं, अक्षरांचे आकार हे डिझाइन टोकन म्हणून एकाच जागी लिहा, म्हणजे दोनशे पानांत शोधत बसावं लागत नाही. आणि कामाची मांडणी, म्हणजे कुठला रकाना कुठल्या शेजारी, कशानंतर काय, ही पूर्णपणे तुमची.

अक्षरांबद्दल तर मला पोटतिडकीनं सांगायचंय. बहुतेक किटमधल्या बटणाची उंची आणि ओळीतलं अंतर रोमन अक्षरं समोर ठेवून ठरलेलं असतं. त्यात मराठी टाकलं की वरची वेलांटी आणि रफार चिकटतात, खालचे उकार कापले जातात. तेलुगूत खाली येणारी जोडाक्षरं असतात, तिथं आणखी वाईट. सोलापूरसारख्या गावात, जिथं एकाच कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं आहेत, तिथं ओळीची उंची आधी या लिप्यांना पुरेल अशी ठरवायची आणि मग बाकीचं. उलट क्रमानं केलं की कायम ठिगळं लावत बसावं लागतं.

शिवणाच्या खात्यात फोनवर नोंद होते का तुमच्याकडं? तिथं हवेत रुई असते, स्क्रीनवर ती बसते, बोटं कोरडी असतात. अॅपल ४४ पॉइंट आणि गूगल ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं) एवढं तरी बटण असावं म्हणतं. तुम्ही त्याहून मोठं ठेवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक ४.५ ला १ पेक्षा कमी नको. फिकट राखाडी अक्षरं कागदावर देखणी वाटतात, ट्यूबलाइटखाली वाचता येत नाहीत.

---

सातरस्ता

@कन्ना_चौक ताई, उर्दूचं तुम्हीच काढलंत म्हणून. उर्दू आली की अख्खी स्क्रीन उजवीकडून डावीकडं फिरवावी लागते. मटेरियल यूआय आणि अँट डिझाइनमध्ये ती सोय आधीपासून आहे. घरच्या मांडणीत ती कोण घालणार, कोण तपासणार? म्हणजे तुमचंच उदाहरण तयार किटकडं झुकतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे जमलेलं नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं, लोक वैतागले, आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. एवढे डिझाइनर, एवढा पैसा असून. हिशेबनीस ताईंच्या 'बटणं हलवू नका' यातच माझं सगळं म्हणणं आलं.

---

तिसरं_वर्ष

मी इथंच इंजिनिअरिंगला आहे. आम्हाला प्रोजेक्टमध्ये किट वापरून डॅशबोर्ड करायला शिकवतात, पण वापरणाऱ्या माणसाशेजारी बसून बघायला कुणी पाठवत नाही. कारखाना कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर असून मी एकदाही आत गेलेलो नाही. कुणी घेऊन जाईल का?

---

कन्ना_चौक_ते_कोथरूड

@सातरस्ता, उर्दूबद्दल तुमचं बरोबर आहे. दिशा बदलायची यंत्रणा तयारच घ्यावी, ती मी वागणुकीच्या थरात धरते. विंडोज ८ बद्दल मात्र नाही. तिथं वर्षानुवर्षांची सवय एका फटक्यात काढून घेतली होती. इथं उलट चाललंय. टॅलीनं हाताला लावलेली सवय तुमच्या किटनं मोडली आणि धागाकर्ता ती परत देऊ पाहतोय.

@तिसरं_वर्ष, असं शेजारी बसणं हेच निम्मं डिझाइन आहे. नीलसन यांनीच २००० मध्ये मांडलं होतं की पाच माणसांना वापरताना बघितलं की बहुतेक अडचणी समोर येतात. पुण्या-मुंबईच्या टीमना टॉवेल कारखान्यातली पाच माणसं मिळवायला प्रवास करावा लागेल. सोलापुरात बसलेल्या टीमकडं ती अर्ध्या तासावर आहेत. ही सोय वापरायची नसेल तर सोलापुरात बसून सॉफ्टवेअर करण्यात फायदा काय?

---

हिशेबनीस

@तिसरं_वर्ष, ये की बाळा. मालकांना विचारते. पगाराच्या दिवशी ये, तेव्हा खरं दिसतंय. फक्त मध्ये बोलायचं नाही, हिशेब चुकतो.

---

पूर्वभाग

@उभा_आडवा_धागा, फीचा मुद्दा मी टाळणार नाही. सगळं प्रॉडक्ट एकदम बदलायला निघालो तर फी वाढेलच. म्हणून आधी दोनच स्क्रीन घ्यायच्या असं माझं म्हणणं आहे, ऑर्डरची नोंद आणि मजुरी. बाकीचं आहे तिथं राहील. प्रत्येक कारखान्याला वेगळं पान नाही, एकच मांडणी, फक्त चलनावरचं नाव-पत्ता आणि रकान्यांचा क्रम सेटिंगमधून. जुनी स्क्रीन लगेच काढायची नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालतील आणि कारखाना म्हणेल तेव्हाच जुनी बंद होईल. 'छापा' आणि 'जतन करा' यांची जागा नव्या स्क्रीनवर तीच राहील, ताईंना शब्द देतो.

---

सातरस्ता

दोन स्क्रीन असतील तर माझा विरोध बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. दोनच्या चार होतात, मग कुणीतरी म्हणतं उरलेल्याही तशाच करू. त्या दोन्ही स्क्रीनची कागदपत्रं आधी लिहा: कुठली कळ काय करते, कुठला डिझाइन टोकन कशासाठी, उंची का तेवढी ठेवली. लिहून झालं की इथं टाका, मी वाचून चुका काढीन. आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ती कागदपत्रं देऊन एक रकाना वाढवायला सांगा. कुणाला न विचारता त्याला जमलं, तर पुढच्या स्क्रीनचं बोलू.