दिवे, पंखे, गिझर आणि मोटर रिमोटने चालवायची आहेत : कोणती बिनतारी व्यवस्था निवडावी?

जिन्याखाली :

आमचे घर दुमजली असून वायरिंग जुने आहे. घरातील वयस्कर मंडळींना जिन्याचा आणि मागच्या दाराचा दिवा बंद करण्यासाठी वारंवार उठावे लागते, म्हणून काही दिवे, दोन पंखे, गिझर आणि टाकी भरणारी पाण्याची मोटर रिमोटने चालवता यावी असा विचार आहे. मोबाइलवरील ॲप त्यांना जमणार नाही; हातात धरता येईल असा साधा, ठळक बटणांचा रिमोटच हवा. ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त रिमोट-रिसीव्हर, वाय-फायवर चालणारे स्विच आणि झिगबी (घरातील उपकरणांना जोडणारे कमी विजेचे बिनतारी जाळे) अशा तीन प्रकारांबद्दल वाचले, पण जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. भिंतीपलीकडून सिग्नल नीट पोहोचेल का, शेजाऱ्यांच्या रिमोटने आमचे दिवे लागतील का, भिंतीवरची नेहमीची बटणेही चालू राहतील का, आणि स्विचबोर्डात न्यूट्रलची तार नसल्यास काय करावे, हे माझे मुख्य प्रश्न आहेत.

लघुलहरी :

टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. तो प्रकाश बहुधा ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकवलेला असतो आणि भिंत ओलांडू शकत नाही, त्यामुळे दुमजली घरासाठी तो प्रकार विचारातच घेऊ नये. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र विटांच्या एकदोन भिंती सहज पार करतात. लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणि धातूचा स्विचबॉक्स हेच त्यांचे खरे अडथळे असतात. रिसीव्हर धातूच्या डब्यात बसवून त्याची अँटेनाची बारीक तारही आतच गुंडाळून ठेवली, की पल्ला एकदम घटतो. ही तार सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, ठेवतात. ती सरळ आणि धातूपासून दूर असावी.

शेजाऱ्यांच्या रिमोटबद्दलची शंका जुन्या प्रकारांच्या बाबतीत रास्त होती, कारण त्यांचा कोड मोजक्या पिना जोडून ठरवला जाई आणि अनेक जण तो बदलतच नसत. हल्ली सर्रास दिसणाऱ्या ईव्ही१५२७ या चिपमध्ये २० बिटांचा ओळख क्रमांक असतो, म्हणजे दहा लाखांहून अधिक शक्यता असतात, आणि रिसीव्हर तो क्रमांक ‘शिकून’ घेतो. त्यामुळे योगायोगाने दिवा लागण्याची भीती फारशी उरत नाही. तरीही हा कोड दर वेळी तोच असल्यामुळे कोणीही तो टिपून पुन्हा प्रसारित करू शकतो. दिव्याच्या बाबतीत हे चालून जाईल, परंतु फाटक किंवा शटर उघडण्यासाठी बटण दाबताना दर वेळी कोड बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचाच रिमोट घ्यावा.

माझ्या मते दिव्यांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे, कारण तिला इंटरनेट, राउटर किंवा हब (सर्व उपकरणांना जोडणारी मध्यवर्ती पेटी) यांपैकी काहीच लागत नाही. फक्त एक काळजी घ्यावी : एकच बटण दाबून आलटून-पालटून चालू-बंद होणारी रचना न निवडता, चालू करण्याचे आणि बंद करण्याचे बटण वेगळे ठेवावे.

मेशकरी :

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, पण त्यामागचे कारण सांगितले तर या व्यवस्थेची मर्यादाही कळेल. साध्या ४३३ रिमोटचा संवाद एकतर्फी असतो. रिमोट हुकूम सोडतो, पण तो रिसीव्हरपर्यंत पोहोचला की नाही हे त्याला कळत नाही. ही अडचण आजची नाही. १९७५ साली स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने विकसित केलेली एक्स-१० ही प्रणाली घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवत असे आणि तिचे बहुतेक मॉड्यूलही, म्हणजे उपकरण चालू-बंद करणारे छोटे डबेही, केवळ ऐकणारे होते. डोळ्यांसमोरच्या दिव्याबाबत याने काही बिघडत नाही; मात्र खालच्या मजल्यावरची मोटर खरोखर बंद झाली का, हे वरून समजायला हवे असेल, तर पोच देणारीच व्यवस्था लागते.

झिगबी आणि त्याच प्रकारची झेड-वेव्ह या दोन्हींमध्ये अशी पोच मिळते. शिवाय विजेवर चालणारी बहुतेक झिगबी उपकरणे एकमेकांचे संदेश पुढे नेतात, त्यामुळे जिन्यातील मॉड्यूल वरच्या मजल्यासाठी दुवा ठरू शकते. बॅटरीवरचे रिमोट असे काम करत नाहीत, आणि न्यूट्रलविना चालणारे अनेक स्विचही वीज वाचवण्यासाठी संदेश पुढे पाठवत नाहीत, हे खरेदीपूर्वी तपासावे. झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्याच शेजारी नांदते. आपला राउटर १, ६ किंवा ११ या चॅनलवर असेल, तर झिगबीसाठी १५, २० किंवा २५ हे चॅनल बरेच मोकळे सापडतात.

हब बंद पडला तर काय, असे कोणी विचारील. झिगबीमध्ये अनेक रिमोट थेट स्विचशी ‘बाइंड’ करता येतात. मग हब बंद असतानाही बटण दाबताच दिवा लागतो. याउलट जी वाय-फाय उपकरणे कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असतात, ती मी टाळतो. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि ग्राहकांची दूरनियंत्रणाची सोय एका झटक्यात थांबली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅटर या मानकाचा भर घरातल्या घरात होणाऱ्या संवादावर आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे.

फेजन्यूट्रल :

आतापर्यंत चर्चा लहरींचीच झाली. माझ्या मते आधी भार पाहावा आणि मग रिमोट निवडावा. मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलेले असते, ते बहुधा शुद्ध रोधकी भारासाठी (उदा. साधा हीटर) असते. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह क्षणभर घेते. एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमधील कपॅसिटरही सुरुवातीला जोरदार झटका देतात. एका रिलेवर, म्हणजे मॉड्यूलमधील विजेने चालणाऱ्या स्विचवर, असे पुष्कळ दिवे जोडले की त्याचे संपर्क चिकटतात, आणि मग रिमोटच नव्हे तर भिंतीवरचे बटण दाबूनही दिवा बंद होत नाही. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. आकडा दहाच्या आत असला, तरी बंद डब्यातील इवल्या रिलेने तो तासन्‌तास वाहणे मला पसंत नाही. गिझर आणि मोटर दोन्हींसाठी योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच, बसवून मॉड्यूलकडून फक्त त्याची कॉइल चालवावी, आणि मोटरला जादा प्रवाहात ती बंद करणारा ओव्हरलोड रिले व टाकीत पाणी भरताच तिला थांबवणारा फ्लोट स्विच असावाच.

न्यूट्रलचा प्रश्न घरोघरी येतो. न्यूट्रल नसलेले मॉड्यूल स्वतःपुरता अल्प प्रवाह दिव्यातूनच ओढते, त्यामुळे बंद केलेला एलईडी मंद तेवत राहतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर जोडल्याने हे बहुधा थांबते. दुसरा मार्ग असा, की मॉड्यूल स्विचबोर्डात न बसवता छतातील दिव्याच्या जोडणीपाशी बसवावे, कारण तेथे न्यूट्रल असतोच. मात्र तेव्हा भिंतीवरचे जुने बटण मॉड्यूलचीच वीज तोडते. म्हणून त्या जागी कायम फेज ठेवून बॅटरीवरचे बिनतारी बटण लावावे लागते. अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून कोणी सुचवली, तर त्या माणसाला तेथूनच परत पाठवावे.

जिन्याच्या दिव्याचे टू-वे बटण जपायचे असेल, तर बाहेरच्या स्विचसाठी वेगळी टर्मिनल असलेले मॉड्यूल निवडा. दोन्ही मजल्यांवरची बटणे आणि रिमोट एकत्र चालतील. पंख्याला दिव्यांचा डिमर जोडू नये, त्याने पंखा घुमतो आणि तापतो. पंख्यांसाठी कपॅसिटरच्या टप्प्यांवर वेग बदलणारे रिमोट रेग्युलेटर मिळतात, तेच वापरावेत.

जिन्याखाली :

सर्वांचे आभार. दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी ४३३ व मोटरसाठी पोच देणारी व्यवस्था, असे मिश्रण करावे असे आता वाटते. एकच शंका उरली आहे : वीज जाऊन परत आली, तर मोटर आपोआप सुरू होणार नाही ना?

फेजन्यूट्रल :

ते मॉड्यूलच्या सेटिंगवर अवलंबून असते. वीज परतल्यावर ‘बंद’, ‘चालू’ किंवा ‘पूर्वीची स्थिती’ असे पर्याय झिगबी मॉड्यूलमध्ये बहुधा असतात, तेथे ‘बंद’ निवडा. पण मोटरच्या बाबतीत मी केवळ सेटिंगवर विसंबणार नाही. दोन रिलेंचे मॉड्यूल घ्या आणि दोन्ही रिले क्षणभरच चालतील असे ठेवा. पहिला रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडा आणि दुसऱ्याचा सामान्यतः जुळलेला राहणारा (एनसी) संपर्क लाल बटणाबरोबर एकसर जोडा. मग वीज जाताच कॉन्टॅक्टर सुटतो आणि कोणी पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटर बंदच राहते. मोटरजवळची हिरवी-लाल बटणेही पूर्वीसारखीच चालतात. मात्र रिले चालल्याची पोच म्हणजे मोटर थांबल्याची खात्री नव्हे. ती हवी असेल, तर कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क (त्याच्याबरोबरच हलणारा छोटा संपर्क) झिगबीच्या एखाद्या संपर्क-सेन्सरला जोडून घ्या.