मदत हवी आहे: कमी गिगाहर्ट्झचा प्रोसेसर वेगवान, पण कधी कधीच?

नमस्कार मंडळी,

माझा जुना डेस्कटॉप ४.२ गिगाहर्ट्झवर चालतो. नवा लॅपटॉप लांबलचक काम दिलं की २.८ वर येऊन स्थिरावतो. दोन्हींवर लिनक्स आहे. सिम्युलेशनची एकच बायनरी (तयार प्रोग्राम फाइल) दोन्हीकडे चालवली, तर डेस्कटॉपला ९ मिनिटं लागली आणि लॅपटॉपला ५. प्रोग्राम एकच कोअर वापरतो, त्यामुळे ‘नव्यात कोअर जास्त असतील’ हे उत्तर कृपया नको.

‘पर्फ स्टॅट’ (प्रोसेसरचं काम मोजणारं लिनक्सचं साधन) लावून पाहिलं. एका क्लॉकमागे (म्हणजे प्रोसेसरच्या एका ठोक्यामागे) डेस्कटॉप सरासरी ०.७ इन्स्ट्रक्शन उरकतो, लॅपटॉप १.९. गिगाहर्ट्झने गुणलं की हिशेब जुळतो. इथवर ठीक.

घोळ दुसऱ्या प्रोग्रामचा आहे. तो भलीमोठी लिंक्ड लिस्ट (जिच्यात प्रत्येक नोंद, म्हणजे नोड, पुढच्या नोंदीचा पत्ता सांगते) चाळत बसतो. तिथे आकडे ०.१० आणि ०.१५, म्हणजे नवा दीडपट सरस. वेळ मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच! मग हा दीडपट फायदा मुरतो कुठे? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

प्रतिसाद १:
पहिल्या प्रोग्रामचं कोडं जुनंच आहे. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरची पाइपलाइन (इन्स्ट्रक्शन ज्या टप्प्यांतून जाते ती साखळी) आधी २० टप्प्यांची होती, २००४ च्या प्रेस्कॉट या आवृत्तीत ३१ झाली. क्लॉक ३.८ पर्यंत चढला, पण ब्रँचचा (प्रोग्राम पुढे कुठल्या फाट्याने जाणार याचा) अंदाज चुकला की अर्धवट झालेलं सगळं काम टाकून द्यायचं. इंटेलचाच २००६ चा कोअर २ ड्युओ २.४ वर असूनही त्याच्या पुढे निघून गेला. दुसऱ्याचं मलाही कळेना.

प्रतिसाद २:
दुसऱ्यात तो ०.१५ च फसवा आहे. लिंक्ड लिस्टमध्ये पुढच्या नोडचा पत्ता हाती आल्याशिवाय कोअरला हलता येत नाही. तो नोड कॅशेमध्ये (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसला की रॅमची वाट बघा, आणि ती वाट नॅनोसेकंदांत ठरते, तुमच्या क्लॉकवर नाही. समजा १०० नॅनोसेकंद लागले: ४.२ वर ४२० क्लॉक वाया, २.८ वर २८०. थांबणं तेवढंच, पण कमी क्लॉकवाल्याचा भागाकार (इन्स्ट्रक्शन भागिले क्लॉक) आपोआप चांगला दिसतो. ४.२ भागिले २.८ करा, तुमचा दीडपट तिथेच सापडेल. आर्किटेक्चरचं (प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेचं) श्रेय इथे जवळपास शून्य!

नोड ॲरेमध्ये (मेमरीत एकापुढे एक) सलग ठेवून बघा. ६४ बाइटच्या एका कॅशे लाइनबरोबर (रॅममधून एकदम येणाऱ्या तुकड्याबरोबर) शेजारचेही येतात.

धागाकर्ता:
पण मधल्या नोंदी सतत काढाव्या लागतात. ॲरेत ते महाग नाही पडणार?

प्रतिसाद २:
क्रम महत्त्वाचा नसेल तर शेवटची नोंद उचलून रिकाम्या जागी ठेवा. असेल तर काढायच्या नोंदीवर नुसती खूण करा आणि अधूनमधून एकदम झाडून काढा.