मदत हवी आहे: चार पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यासाठी रिचार्जेबल सेल आणि चार्जर

डबल-ए सेलवर चालणारा सुपरझूम कॅमेरा आहे. वापर ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्ष्यांसाठी, तोही महिन्यातून दोनदाच. म्हणून निकेल-मेटल हायड्राइडमधले, पडून राहिले तरी फारसे न उतरणारे 2000 एमएएचचे सेल घ्यायचं ठरतंय. 2700 वाल्यांचा आकडा मोठा, पण ते कपाटात लवकर उतरतात आणि कमी वेळा रिचार्ज होतात. अल्कलाइन 1.5 व्होल्टचा असला तरी झूम आणि फ्लॅशच्या ओढीने पटकन कोसळतो, 1.2 व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड तिथे तग धरतो. मेनूत बॅटरीचा प्रकार मात्र बदलायचा, नाहीतर भरलेल्या सेललाही 'बॅटरी लो' दाखवतं.

खरी अडचण चार्जरची. जोडीने चार्ज करणाऱ्यात एक सेल अर्धाच उतरलेला असेल तर तो जास्त भरून तापतो, दुसरा अपुरा राहतो. प्रत्येक सेलला वेगळा चॅनल असलेला, 500 एमएवर साडेचार-पाच तासांत भरणारा चार्जर ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत कुठे मिळेल?

आणि 1.5 व्होल्टचे लिथियम-आयन सेल कुणी कॅमेऱ्यात वापरलेत का? ते शेवटपर्यंत 1.5 व्होल्टच देतात, त्यामुळे सेल संपत आल्याचं कॅमेऱ्याला आधी कळतच नाही. लेन्स बाहेर असतानाच तो बंद पडेल अशी भीती वाटते.