१५ वर्षांचा मुलगा घरात हात उचलतो, कुणाकडे जावं? (नाशिक)

सायलीची_आई
मुलगा नववीत. दोन वर्षांपासून राग आला की हातात येईल ते फेकतो. गेल्या महिन्यात धाकटीला ढकललं, तिचं मनगट मुरगळलं. आजी तर त्याच्यासमोर बोलायचीच थांबलीय. नंतर रडतो, दोन दिवस गोड वागतो, की पुन्हा तेच. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, वय आहे, निवळेल. यांचं म्हणणं, कडक शिस्तीच्या निवासी शाळेत टाकू. अशा मारहाणीवर खरंच काम करणारं कुणी माहीत आहे का?

चिंचेचा_कोळ
ताई, आधी मुलीचं बघा. सुऱ्या-कात्र्या नजरेआड ठेवा. भांडण चढलं की तिनं कुणाच्या घरी जायचं ते आजच ठरवा आणि तो शांत असताना त्यालाही सांगा. हाताबाहेर गेलं तर ११२. लोक काय म्हणतील ते नंतर.

मग समुपदेशकाआधी बालमानसोपचारतज्ज्ञ. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), नैराश्य, नशा, कुणी केलेला छळ, यातलं काहीही रागाखाली दडलेलं असू शकतं. आज रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलतात.

गच्चीवरचा_वारा
निवासी शाळेला माझा ठाम विरोध. अशी मुलं एकत्र कोंबली की एकमेकांकडूनच शिकतात. अमेरिकेत पोरांना तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम झाले. अभ्यासांत दिसलं की ती पोरं उलट जास्त बिघडली. तिकडेच मल्टिसिस्टेमिक थेरपी निघाली. थेरपिस्ट तीन ते पाच महिने घरी येतो, शाळेला आणि मित्रांनाही सोबत घेतो, रात्रीसुद्धा फोन उचलतो. एवढा लवाजमा इथे मिळणं कठीण, पण गाभा, म्हणजे आईवडिलांबरोबरचं काम, मागून घ्या. पहिल्याच भेटीत विचारा, ‘आईवडिलांबरोबर किती सत्रं घेता?’ ‘मुलाला सोडून जा’ म्हणाले तर दुसरं दार बघा.

ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था (डॉ. आनंद नाडकर्णींची) बघा. फारच गुंतागुंत असेल तर बंगळुरूचं निम्हान्स, मानसिक आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. भरतीची वेळ आली तर तुम्ही किंवा तुम्ही नेमलेलं कुणीतरी सोबत राहायला लागतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे तसं. रजेचं आधी बघून ठेवा.

बाबा_४७
पुरुष म्हणून लिहितो. मी पट्टा काढायचो. डॉक्टरांनी पहिल्या तीन भेटींत पोराला बाहेर बसवून मलाच बोलतं केलं. भयंकर राग आला होता, फी माझी आणि चौकशीही माझीच! पुढे घरात दोनच नियम ठेवले. मारलं की त्या दिवशी मोबाईल नाही, आणि रागात असताना कुणी उपदेश करायचा नाही, मीही नाही. दुसरा मलाच जड गेला. आठ महिने लागले. अजून दार आपटतो, पण माणसावर हात नाही.

सायलीची_आई
धाकटीच्या कपड्यांची एक पिशवी शेजारच्या काकूंकडे ठेवून आले. यांना धागा वाचायला दिलाय. पट्ट्याच्या ओळीपाशी थांबलेत.